बासुंदीला नऊ, निलमला चार

"सर, माझी परीक्षा राहिलीय."

बासुंदीत बुडवलेला पुरीचा घास तोंडाशी नेता नेता मी थांबलो. प्रयोगशाळेच्या दारात एक मुलगी उभी होती. निळा पंजाबी ड्रेस, दोन्ही खांद्यांवर पिनांनी पक्की बसवलेली ओढणी, हातात तपकिरी कव्हरचं जर्नल. माझ्यासमोर जेवत असलेले झांबरे सर लगबगीनं उठले आणि त्यांच्या धक्क्यानं लोणच्याची फोड टेबलावरून खाली घरंगळली.

"निलम, झाली की तुझी परीक्षा. जर्नलवर सही झालीय ना? जा बाळा, निरोप समारंभाची तयारी करा जावा."

"सही झालीय सर. परीक्षा न्हाई झाली."

झांबऱ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी पुरीकडं.

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. मी तेव्हा एका ज्युनियर कॉलेजात बारावीच्या मुलांना व्यवसाय अभ्यासक्रमातला विद्युत देखभाल हा विषय शिकवत होतो आणि दर फेब्रुवारीत दुसऱ्या कॉलेजांवर एक्स्टर्नल म्हणून, म्हणजे बाहेरचा परीक्षक म्हणून, प्रात्यक्षिकं घ्यायला जात होतो. 'घ्यायला' हा शब्द सवयीनं लिहिला. सकाळी जायचं, चहा घ्यायचा, जर्नलांच्या ढिगावर सह्या ठोकायच्या. मुलं एकेक करून आत येणार, नाव सांगणार, आपण "छान, जा" म्हणणार. मार्क आतल्या सरांनी पेन्सिलीनं आधीच घातलेले असत. आपण ते पेनानं गिरवायचे आणि पंगतीला बसायचं. पुढच्या आठवड्यात त्यातलेच एखादे सर आमच्या कॉलेजात येणार आणि आमच्या मुलांना याच प्रेमानं वागवणार. यात कुणाचं नुकसान होतं असं कुणालाच वाटत नव्हतं.

खिशात मी एक छोटी डायरी ठेवायचो. तारीख, जेवणात काय होतं, यजमान कोण आणि दहापैकी मार्क. मुलांचे मार्क दुसरे घालायचे, पण हे माझे मी, अगदी कसोशीनं. अर्धा मार्क द्यायलाही मी विचार करी. बावीस वर्षांच्या नोंदींवरून मी एक आडाखा बांधला होता: प्रयोगशाळा जितकी रिकामी, ताट तितकं भरलेलं. आडाखा सहसा चुकत नसे.

झांबऱ्यांच्या ताटात त्या दिवशी अकरा पदार्थ होते.

माणूस मात्र लाख. तासिका तत्त्वावरची नोकरी, दर जूनला पुन्हा नेमणुकीची वाट बघायची. सकाळपासून तीन वेळा म्हणाले होते, "सर, मिसेस पहाटे पाचपासून दूध आटवतीय." पहिली वाटी संपताच मी डायरी काढून नोंद करून टाकली होती. बासुंदी-पुरी, झांबरे, नऊ. दुसरी वाटी चालू होती, तेवढ्यात ही पोरगी.

मला गंमत करायची लहर आली. मार्कलिस्ट पुढं ओढून मी तिचं नाव शोधलं. मदने निलम बापू.

"अगं, दोनशेपैकी एकशे शहाण्णव आहेत तुला. वरचे चार हवेत म्हणून भांडायला आलीस होय?"

"कमी चालतील सर."

"म्हणजे?"

"ते एकशे शहाण्णव झांबरे सरांनी मायेनं दिलेत. असू देत. पण मला खरंच येतंय किती, ते सांगा."

झांबऱ्यांनी मान खाली घातली. मी घास परत ताटात ठेवला. बावीस वर्षांत पोरांनी माझ्याकडं मार्क मागितले होते, पाण्याचा पंप दुरुस्त करून मागितला होता, एकानं तर बहिणीसाठी स्थळ मागितलं होतं. हे कुणी मागितलं नव्हतं.

"कशाला गं कळायला हवं तुला?"

तिनं खिडकीकडं बोट केलं. प्रयोगशाळेच्या मागं उघडा माळ होता आणि माळावर रांगेनं पवनचक्क्या. तीन तीन पाती, सावकाश फिरणारी.

"सोमवारी तिथं भरती आहे. गावातल्या पोरांतून चार जण घेणार. मागल्या वर्षी पण होती. पाच पोरं गेलेली, सगळ्यांना एकशे नव्वदच्या वर. तिथल्या इंजिनिअर साहेबांनी मल्टिमीटर पुढं ठेवला, म्हणाले, ह्या लाइनीत करंट आहे का बघा. पाची जण एकमेकांकडं बघाय लागले."

"मग साहेब हसले असतील."

"हसले न्हाईत सर. हसले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मार्कलिस्ट नीट घडी घालून ज्याची त्याला परत दिली. कामाला माणसं बाहेरनं आणली. आमच्यातल्या दोघांना वॉचमन केलं."

"मग वॉचमन तर वॉचमन. लागली ना नोकरी?"

"माझे बापू तिथं वॉचमनच आहेत सर. त्या माळावर आधी मेंढरं राखायचे, आता पवनचक्क्या राखतात. मेंढरांमागं ओरडायचे, आता शिट्टी मारतात. मी म्हणलं, बापू, मला वर चढून त्या चक्कीचं काम करायचंय. तर म्हणाले, बघ बाई, शिट्टी मारायला मार्क लागत न्हाईत, आन् वर चढायला नुसते मार्क पुरत न्हाईत."

मी झांबऱ्यांकडं बघितलं. झांबरे त्या लोणच्याच्या फोडीकडं बघत होते.

"चिठ्ठी काढ," मी म्हणालो.

प्रश्नांच्या चिठ्ठ्या माझ्या पिशवीत, पानाच्या डबीत असत. नऊ वर्षं त्याच चिठ्ठ्या. कुणी काढल्यावर मी वाचतही नसे. तिनं एक उचलली आणि मोठ्यानं वाचली, "फ्यूजमध्ये तार बांधणे."

चिनी मातीचा फ्यूज आणि तार तिथंच होती. तिनं तार घेतली, दोन्ही स्क्रूंना वेढे दिले, उरलेलं टोक पकडीनं कापलं. हात स्वच्छ होता. मिनिटभरात फ्यूज माझ्यापुढं.

"शाबास. पैकीच्या पैकी."

तिचा चेहरा उजळला नाही.

"सर, हे आता कुणाच्या घरात राहिलं न्हाई. आमच्या वस्तीवर पण एमसीबी आलेत, आपोआप पडणारे खटके. इथं पण तेच की." तिनं दाराशेजारच्या बोर्डाकडं हात केला. "जे बाहेर हाय त्यातलं विचारा ना."

चिठ्ठ्यांची डबी मी बंद केली. झाकण लागेना. दोनदा दाबावं लागलं.

"झांबरे, मल्टिमीटर काढा."

झांबरे हलले नाहीत. मग हळू आवाजात म्हणाले, "सर, तो कपाटात आहे."

"मग कपाट उघडा."

कपाट उघडलं. वरच्या कप्प्यात खोका होता, खोक्यात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीचं तोंड कंपनीनं चिकटवलेलं तसंच्या तसं. तीन वर्षं झाली होती येऊन.

"प्राचार्य म्हणाले होते सर, तपासणीला आला तर नवा दिसला पाहिजे. पोरांच्या हातात दिला आणि बिघडला, तर जबाबदार कोण? मी तर तासिकेवरचा." झांबऱ्यांनी फळ्याकडं बोट केलं. "चित्र काढून शिकवलंय सर. फळ्यावर. ह्या पोरीला तर बटनांसकट चित्र पाठ आहे."

"पाठ आहे," निलम म्हणाली. "हातात कधी घेतला न्हाई."

मी चढ्या आवाजात काहीतरी बोलणार होतो. पण आमच्या कॉलेजातलं कपाट डोळ्यांपुढं आलं. त्यात असे चार खोके होते. पिशव्यांसकट.

पिशवी फोडली. आत मीटर, एक लाल आणि एक काळी वायर, तळाशी घडी घातलेली पुस्तिका. पुस्तिका मी बाजूला सारली. पुस्तिका नवशिक्यांसाठी असते. मीटर चालू केला, चालू होईना. आतला नऊ व्होल्टचा चौकोनी सेल बसल्या जागी मेला होता.

"गावात मिळेल का?"

"तालुक्याला जावं लागंल," निलम म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा चेहरा पडला.

तेव्हा झांबरे, सकाळपासून माझ्यापुढं कमरेत वाकून वावरणारे झांबरे, एकदम ताठ झाले. "माइकमध्ये असतो सर."

"कुठल्या माइकमध्ये?"

"प्राचार्यांच्या. कॉर्डलेस आहे. तीनला निरोप समारंभाचं भाषण आहे, म्हणून कालच नवा घातलाय."

आणि माझी परवानगी न विचारता गेले, दोन मिनिटांत शर्टाच्या खिशात सेल घालून आले. दर जूनला ज्याच्यापुढं हात जोडावे लागत, त्याच्या माइकचा. मी मनातल्या मनात त्यांचे मार्क वाढवले, बासुंदीचे सोडून.

सेल बसवला. पडद्यावर आकडे उमटले. मी बाह्या सरसावल्या, खुर्ची मागं केली. दोघं माझ्या दोन बाजूंना उभे.

"बघ हां निलम. हा वरचा गोल फिरवायचा, व्होल्टवर आणायचा. ही काळी वायर इथं. ही लाल इथं. आणि आता दोन्ही टोकं अशी सॉकेटमध्ये..."

फाट!

निळी ठिणगी उडाली, पंखा थांबला, दिवे गेले. लाल वायरीचं टोक काळं ठिक्कर. शेजारच्या ऑफिसातून प्राचार्य गिड्ड्यांचा आवाज आला, "लाइट गेली का रे?"

समोर बासुंदीवर साय धरली होती. झांबरे भिंतीला चिकटले होते.

"सर, लागलं का तुम्हाला?" निलमनं विचारलं.

"नाही."

"हात बघू."

तिनं माझा पंजा उलटासुलटा करून बघितला, मेंढीचा खूर बघावा तसा. मग पंख्याकडं, बोर्डाकडं बघितलं आणि स्वतःशीच म्हणाली, "एमसीबी पडला." लगेच जाऊन वर करावा असं तिला वाटलं असणार. गेली नाही. आधी वायरी सॉकेटमधून बाहेर आहेत ना ते पाहिलं. मग मी बाजूला सारलेली ती पुस्तिका उचलली, खिडकीच्या उजेडात धरली. इंग्रजीत होती. ती एकेका शब्दावर बोट ठेवून पुटपुटत वाचत होती. आम्ही दोघं मोठी माणसं ओशाळी होऊन उभे.

"सर," तिनं मीटर माझ्यापुढं धरला. "तीन भोकं हाईत. तुम्ही लाल वायर ह्यात घातली. ह्याच्यावर दहा ए लिहिलंय. म्हंजे अँपिअर. आपल्याला तर व्होल्ट मोजायचे होते. मग लाल इथं मधल्यात पाहिजे होती. व्हय ना?"

बरोबर होतं. पहिल्याच आठवड्यात शिकवायची गोष्ट.

मला सारवासारव चांगली येते. मीटरच खराब आहे म्हणता आलं असतं, कंपनीला नावं ठेवता आली असती. तोंडात वाक्य तयारही होतं. पण पोरगी पुस्तिका धरून उभी होती, आणि तिला सोमवारी जायचं होतं.

"व्हय," मी म्हणालो. "माझं चुकलं. सहा वर्षं मी हे हातात धरलेलं नाही. मला येत नाही आता. ती पुस्तिका इकडं आण, तिघं मिळून वाचू."

मग आम्ही तिघं त्या चतकोर कागदावर डोकी घालून बसलो. ज्या शब्दाला ती अडायची तो मी सांगायचो, ज्या चित्राला मी अडायचो ते झांबरे. सॉकेटला हात घालण्याआधी मोजून बघायला एखादा साधा सेल मिळतो का शोधलं, झांबऱ्यांच्या मनगटी घड्याळापर्यंत गेलो, शेवटी भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढून मोजला. एक पूर्णांक चार व्होल्ट. मग तिनं वायरी तपासल्या, लाल मधल्या भोकात आहे हे दोनदा पाहिलं, एमसीबी वर केला, काळं पडलेलं टोक घासून घेतलं आणि सॉकेटला लावलं.

दोनशे अडतीस.

ती नुसती आकड्याकडं बघत राहिली. मग झांबरे म्हणाले, "मला एकदा दे की गं." त्यांनीही मोजलं. त्यांचेही दोनशे अडतीसच आले, तरी त्यांनी तिसऱ्यांदा मोजलं.

"आता सांगा सर, किती?" निलमनं विचारलं.

मार्कलिस्टला मी हात लावला नाही. बाकी तेवीस जणांना मायेचे मार्क आणि हिला एकटीला खरे, हा कसला न्याय? तिथं एकशे शहाण्णवच राहिले. मी डायरीचं पान फाडलं आणि त्यावर लिहिलं: दहापैकी चार. खाली यादी केली. क्लॅम्प मीटर. अर्थिंग तपासणे. थ्री फेज मोटार. सर्किटचा नकाशा वाचणे. अजून दोन ओळी.

तिनं पान दोन्ही हातांनी घेतलं.

"चार," ती म्हणाली, आणि हसली. एकशे शहाण्णव ऐकून हसली नव्हती. "म्हंजे सहा राहिले. आज गुरुवार."

एवढ्यात गिड्डे सर माइक हातात घेऊन दारात. "झांबरे, हा बोलंना की हो! हॅलो, हॅलो. कालच सेल घातला होता ना?"

"तपासतो सर," झांबरे म्हणाले, आणि खिशावर हात ठेवून माझ्याकडं बघत डोळा मिचकावला. त्या दिवशी गिड्डे सरांनी निरोपाचं भाषण बिनमाइकचं केलं. त्यामुळं ते लवकर संपलं, आणि मुलांनी मनापासून टाळ्या वाजवल्या.

शनिवारी सकाळी मी पुन्हा त्या गावच्या एसटीत होतो. पिशवीत आमच्या कॉलेजच्या कपाटातले दोन मीटर आणि एक क्लॅम्प मीटर, वायरीला चिमट्यासारखा लावून करंट मोजायचा. पिशव्यांची तोंडं आदल्या दिवशीच माझ्या वर्गातल्या पोरांच्या हातून फोडून घेतली होती. येताना कपाट फोडून निघालोय असं वाटत होतं. शनिवार-रविवार झांबऱ्यांच्या घरी, त्यांच्याच विहिरीवरच्या मोटारीवर आम्ही तिघं शिकलो. मला जे येत होतं ते मी सांगितलं, येत नव्हतं तिथं पुस्तिका. वहिनींनी दोन्ही दिवस पिठलं-भाकरी वाढली. बासुंदीबद्दल म्हणाल्या, "ती परीक्षकांसाठी असती भावजी." त्या पिठल्याची नोंद माझ्या डायरीत नाही. मार्क घालायला हात धजला नाही.

सोमवारी संध्याकाळी झांबऱ्यांच्या फोनवरून निलम बोलली.

"सर, त्यांनी मल्टिमीटर दिलाच न्हाई."

"मग?"

"दुसरंच यंत्र पुढं ठेवलं. वायरीच्या आवरणातनं करंट गळतो का बघायचं. आपल्या यादीत नव्हतं ते."

यादी माझी होती. मला ते सुचलंच नव्हतं.

"माझ्या आधीच्या पोरांना विचारलं, येतंय का? ते म्हणाले येतंय, आन् लागले बटनं दाबायला. मला विचारलं, मी म्हणलं, न्हाई येत."

"अगं!"

"म्हणलं, न्हाई येत सर, पण ह्याची पुस्तिका असंल तर द्या, वाचून करते. साहेब माझ्याकडं बघतच राहिले. मग आतनं पुस्तिका आणून दिली. चाळीस मिनिटं लागली मला. कुणी मधी बोललं न्हाई. झाल्यावर साहेब म्हणाले, येत नाही असं तोंडावर सांगायला कुठं शिकलीस? मी म्हणलं, आमच्या परीक्षक सरांनी आमच्यासमोर मीटर जाळला तवा."

मी खुर्चीत बसलो. "आणि?"

"एक तारखेपासून या म्हणाले. तीन महिने बघणार, मग कायम."

"बापू काय म्हणाले?"

"शिट्टी वाजवली सर. लांबलचक. ड्यूटी नव्हती तरी."

पुढं मी केंद्रांवर जेवण परीक्षेनंतर घ्यायला लागलो. मुलांना एकेकाला वीस वीस मिनिटं. तिसऱ्या वर्षी परीक्षकांच्या यादीतून माझं नाव गेलं. कुणी काही बोललं नाही, नुसतं नाव नव्हतं. आमच्या कॉलेजातली कपाटं मात्र मी निवृत्त होईपर्यंत उघडी राहिली. दर वर्षी दोन-तीन मीटर जळायचे. जळाले की मी पोरांना पेढे द्यायचो.

पण हे नंतरचं. त्या सोमवारी फोन ठेवण्याआधी निलम म्हणाली, "सर, एक विचारू? रागावणार न्हाई ना?"

"विचार."

"तुम्ही दिलेल्या कागदाच्या मागल्या बाजूला काहीतरी लिहिलंय. बासुंदी-पुरी, झांबरे, नऊ."

माझा हात खिशातल्या डायरीवर गेला.

"बासुंदीला नऊ आन् मला चार?"

मागून झांबऱ्यांचं हसणं ऐकू आलं. वहिनींचंही.

"बासुंदी पहाटे पाचपासून आटत होती," मी म्हणालो. "तू दुपारी एकपासून."

"मग आता किती देता?"

खिशातली डायरी काढली, पेन उघडलं. दहा देऊन टाकावेत असं वाटत होतं. बावीस वर्षांत कुठल्याही ताटाला दिले नव्हते.

"तूच सांग," मी म्हणालो.

ती विचार करत होती. फोनमधून माळावरच्या वाऱ्याचा आवाज येत होता.

"सात घाला सर," ती म्हणाली. "तीन राहू देत. अजून वर कुठं चढलीय मी?"

मी सात घातले.